पडदा, शिळा आणि फलक : हाताने रंगवलेल्या चित्रपट-भित्तिपत्रकांचे चित्रकार

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२४ साली 'कल्याण खजिना' हा शिवकालीन कथानकाचा मूकपट प्रदर्शित केला. हा चित्रपट आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहे ते त्याचे भित्तिपत्रक. भारतीय चित्रपटांच्या आजवर सापडलेल्या सचित्र भित्तिपत्रकांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. त्याचे रेखन चित्रपटाचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी स्वतः केले होते. मूळ कृती नष्ट व्हावी आणि तिच्याकडे बोट दाखवण्यासाठी निर्माण झालेला कागद मात्र टिकावा, ही परिस्थिती साहित्याच्या अभ्यासकाला अगदी अपरिचित नाही. भाष्यात आलेल्या अवतरणांवरूनच माहीत असलेले ग्रंथ संस्कृत परंपरेत अनेक आहेत. चित्रपटाच्या इतिहासात मात्र या परिस्थितीचा पुरेसा विचार झालेला नाही. जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना यांना संहितेचा 'उंबरठा' म्हटले. 'कल्याण खजिना'च्या बाबतीत उंबरठा जागेवर आहे आणि घर पडले आहे. अशा वेळी उंबरठा कोणी घडवला आणि तो कोणत्या घडणीचा होता, हे विचारणे अपरिहार्य होते.

भारतात चित्रपटाची जाहिरात आरंभी शब्दांची होती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा जो खेळ झाला, त्याची वार्ता वर्तमानपत्रातील निवेदनाने लोकांपर्यंत पोचली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तेव्हाही भर मजकुरावर होता. दादासाहेब फाळके यांच्या जाहिरातींमध्ये छायाचित्रांची संख्या, फितीची मैलांतील लांबी आणि तिकिटाचे आणे यांचा हिशेब येई. नवलाची वस्तू मोजून दाखवण्याची ही रीत होती. यातील विसंगती अशी की, फाळके स्वतः जे. जे. कलाशाळेचे आणि बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. रविवर्मा मुद्रणालयासाठी त्यांनी शिळामुद्रणाचे काम केलेले. लोणावळ्यास आणि पुढे दादरला त्यांचा स्वतःचा छापखाना होता. रंगीत भित्तिपत्रकासाठी लागणारे कसब ज्याच्या हातात होते, त्या माणसाने आपले चित्रपट शब्दांनी आणि आकड्यांनी विकले. याचे एक कारण वाचकवर्गाचे असावे. वर्तमानपत्र वाचणारा शहरी प्रेक्षक हाच प्रथम गाठायचा होता. पण १९२१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम सात टक्क्यांच्या आसपास होते. चित्रपट जसजसा तालुक्याच्या गावी आणि जत्रेच्या तंबूत पोचू लागला, तसतसे शब्दांचे बळ अपुरे पडणे साहजिक होते.

कोल्हापुरात ही उणीव भरून निघाली, याचे कारण तेथील रंगभूमीत शोधावे लागते. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४) आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव मेस्त्री हे दोघे नाटकाचे पडदे रंगवणारे कारागीर होते. संगीत नाटक मंडळ्यांच्या भरभराटीच्या त्या काळात राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे पडदे ही प्रत्येक मंडळीची प्रतिष्ठा असे, आणि १९१० ते १९१६ या वर्षांत मेस्त्री बंधूंच्या पडद्यांना मराठी मंडळ्यांप्रमाणेच गुजराती-पारशी रंगभूमीवरही मागणी होती. 'पेंटर' हे त्यांचे आडनाव नव्हे. ती धंद्याने दिलेली ओळख होती, आणि ती इतकी चिकटली की 'मेस्त्री' हे मूळ नाव पुढे चरित्रकोशातच उरले. छत्रपती शाहूंच्या आश्रयाने वाढलेल्या या नगरात आबालाल रहिमान यांच्यासारख्या दरबारी चित्रकाराची परंपरा एका बाजूस होती आणि सुतारकाम, ओतकाम, मूर्तिकाम करणाऱ्या कारागिरांची परंपरा दुसऱ्या बाजूस. बाबूराव या दोहोंच्या मधले. चित्रकार, शिल्पकार आणि यंत्रज्ञ या तीन भूमिका त्यांच्या ठायी वेगळ्या काढता येत नाहीत. आनंदराव चित्रपटाचा कॅमेरा सिद्ध करण्याच्या खटपटीत असतानाच १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने तो पूर्ण केला, आणि तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या द्रव्यबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' (१९२०) पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, हे सर्वश्रुत आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पडदे रंगवून ज्याने नाव मिळवले, त्याच बाबूरावांनी चित्रपटात रंगवलेला पडदा नाकारला आणि घडीव, त्रिमितीय नेपथ्य आणले. कॅमेऱ्यापुढे सपाट पडदा खोटा दिसतो, हे चित्रकाराच्या डोळ्यानेच त्यांना सांगितले असणार. मग त्या पडद्याचे काय झाले? तो चित्रपटगृहाच्या आतून बाहेर आला, असे म्हणण्यास जागा आहे. भित्तिपत्रकात, आणि पुढे चित्रपटगृहाच्या दर्शनी भागावर लागलेल्या प्रचंड फलकांत, नाटकाच्या पडद्याचे सर्व गुण आढळतात : दुरून दिसेल अशी रेषा, एका नजरेत स्थळकाळ सांगण्याची क्षमता, खोलीचा आभास आणि रंगांचा निःसंकोच वापर. बाबूराव चित्रीकरणापूर्वी प्रसंगांची रेखाटने करीत असत. म्हणजे त्यांच्या कार्यपद्धतीत चित्र प्रथम येई, चित्रपट नंतर, आणि शेवटी पुन्हा चित्र. भित्तिपत्रकाला चित्रपटाचा 'अनुवाद' म्हणण्याची सवय अभ्यासकांना आहे. निदान कोल्हापूरच्या संदर्भात तरी हा क्रम इतका सरळ नाही.

अनुवादाची उपमा खऱ्या अर्थाने लागू पडते ती मुद्रणाच्या टप्प्यावर. रंगीत शिळामुद्रणाची रीत अशी, की मूळ चित्र जसेच्या तसे दगडावर जात नाही. प्रत्येक रंगासाठी निराळी शिळा असते. चिकट खडूने वा शाईने त्या त्या रंगाचा भाग तिच्यावर उलटा काढावा लागतो. शिळा ओली करून शाई फिरवली की चिकट रेषेवर शाई धरते, ओल्या जागेवर धरत नाही. लाल, पिवळा, निळा, काळा असे एकेक ठसे एकाच कागदावर अचूक बसले तरच चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. हे काम मूळ चित्रकार करीतच असे असे नाही. 'लिथो आर्टिस्ट' या नावाने ओळखला जाणारा छापखान्यातील कारागीर ते करी. नायिकेच्या गालावरची छटा किती ठिपक्यांनी साधायची, सावली काळ्याने द्यायची की निळ्याने, याचे निर्णय त्याचे होते. मराठीत ही विद्या रविवर्मा मुद्रणालयामुळे रुजली. १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेले हे मुद्रणालय पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेले, आणि तेथून घरोघरी पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी देवतेचा चेहरा कसा असतो याविषयी सर्वसामान्यांच्या अपेक्षा निश्चित केल्या. भित्तिपत्रकावरील नायिका या अपेक्षांच्या बळावरच ओळखू येई. पुढे शिळेची जागा जस्ताच्या पत्र्याने आणि त्यानंतर ऑफसेटने घेतली, पण चित्रकार आणि छपाई यांच्यामधला हा अनाम मध्यस्थ बराच काळ टिकून राहिला.

त्याच्या अनामतेला कायद्याचाही हातभार होता. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले. २०२३ चा नवा कायदा अमलात येईपर्यंत ही तरतूद चालू होती. चित्रकाराचे नाव देणे मात्र कोणत्याही कायद्याने कधी सक्तीचे केले नाही. परिणामी जुन्या भित्तिपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचा पत्ता सापडतो, वितरकाचा सापडतो, आणि ज्याच्या हाताने ते घडले त्याचा कोठेही मागमूस नसतो. सरकारला राजद्रोही मजकुराचा जबाबदार माणूस हवा होता, कलावंत नको होता. संग्रहालयातील सूचीत 'चित्रकार अज्ञात' ही जी नोंद वारंवार येते, तिचा उगम काही अंशी या वसाहतकालीन गरजेत आहे.

कोल्हापूरची मंडळी पुढे पांगली. दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास हलवली. यांपैकी दामले आणि फत्तेलाल हे पेंटरबंधूंच्या तालमीत तयार झालेले चित्रकार होते, आणि 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटातील दृश्यरचनेचा संयम त्या तालमीशी जोडूनच समजून घ्यावा लागतो. बोलपट आल्यावर मुंबईचे महत्त्व वाढले, तसे चित्रकारही मुंबईकडे वळले. या स्थलांतराचा नकाशा भाषिक सीमा मानत नाही. गुलबर्ग्याहून आलेले एस. एम. पंडित (१९१६–१९९३) कन्नड भाषक होते. त्यांचे शिक्षण मद्रास आणि मुंबई येथे झाले. धोबीतलावचे मेट्रो चित्रपटगृह १९३८ मध्ये सुरू झाल्यावर त्याच्या आवारात लागणारी हॉलिवुडपटांची शोकार्डे त्यांनी रंगवली. बाबूराव पटेल यांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठे त्यांनी केली. मेट्रोसाठी रंगवताना परदेशी तारकांच्या चेहऱ्यावरचा प्रकाश त्यांनी आत्मसात केला आणि तोच प्रकाश पुढे त्यांच्या दिनदर्शिकांवरील राधा, शकुंतला, सीता यांच्या चेहऱ्यांवर उतरला. गोमंतकातून आलेले रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) याच वर्तुळातले. त्यांच्या फवाऱ्याने रंगवलेल्या देवदेवता मराठी घरांत दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून आणि दिनदर्शिकांवरून पोचल्या. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला, तोही याच काळात. चित्रपटाचे भित्तिपत्रक, देवाची तसबीर, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ आणि कादंबरीचे वेष्टन ही चार क्षेत्रे मराठी वाङ्मयेतिहासकार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, किंवा खरे सांगायचे तर ठेवतच नाही. चित्रकारांच्या लेखी ती एकाच महिन्यातली चार कामे होती. १९४० ते १९६० या दोन दशकांतील मराठी लोकप्रिय कादंबरीची नायिका वाचकाच्या डोळ्यांपुढे कशी उभी राहत असे, याचा विचार या चित्रकारांना वगळून करता येईल असे वाटत नाही.

जी. कांबळे अर्थात गोपाळ बळवंत कांबळे (१९१८–२००२) यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. हेही कोल्हापूरचे. त्यांनी राजकमलच्या चित्रपटांसाठी काम केले आणि के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम' (१९६०) या चित्रपटाची प्रसिद्धिचित्रे रंगवली. हा चित्रपट ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात लागला. महाराष्ट्र राज्याची स्थापना होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. पुढे याच कांबळे यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत चित्र म्हणून स्वीकारले, आणि शाळाशाळांत, कचेऱ्याकचेऱ्यांत ते लागले. अकबराचा दरबार आणि शिवरायांची मुद्रा एकाच कुंचल्याने साकारावी, यात कांबळे यांना स्वतःला काही विशेष वाटले असेल असे मानण्याचे कारण नाही. ऐतिहासिक पुरुषाला भव्यता देण्याची एकच दृश्यभाषा त्यांच्यापाशी होती आणि ती चित्रपटाच्या फलकावर घासून तयार झाली होती. राष्ट्रपुरुषांच्या प्रतिमांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या आणि बखरी वाचाव्यात, हे योग्यच. त्याबरोबर चित्रपटगृहाच्या दर्शनी भागाकडेही पाहावे लागेल.

भित्तिपत्रक छापले जाई; फलक मात्र प्रत्यक्ष रंगवला जाई, आणि प्रत्येक फलक एकमेव असे. त्याची कार्यपद्धती नाटकाच्या पडद्याच्या जवळची होती. कापड लाकडी चौकटीवर ताणायचे, त्यावर अस्तर द्यायचे, निर्मात्याने पाठवलेल्या स्टिल्सवर चौकटी आखायच्या आणि तितक्याच मोठ्या चौकटी कापडावर आखून चेहरा त्यांत वाढवत न्यायचा. काही ठिकाणी रात्रीच्या अंधारात प्रक्षेपकाने छायाचित्र कापडावर पाडून बाह्यरेषा टिपली जाई. कामाची उतरंड ठरलेली होती. पोऱ्या अस्तर देई आणि रंग कालवी. त्याच्या वरचा पार्श्वभूमी भरी. अक्षरे लिहिणारा निराळा. अंगावरचे कपडे रंगवणारा निराळा. आणि चेहरा, विशेषतः डोळे, वस्तादाने करायचे. जवळून पाहिल्यास गालावर हिरवा आणि कपाळावर जांभळा पट्टा दिसे. रस्त्याच्या पलीकडून तोच त्वचेचा रंग होई. चित्रपट उतरला की कापडावर पुन्हा पांढरा हात फिरे आणि त्याच कापडावर पुढचा चित्रपट चढे. त्यामुळे या कलेचे मूळ नमुने टिकले नाहीत. ते एकमेकांखाली गाडले गेले. पुसून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांचा अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेला ही अवस्था ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की या कापडाचे खालचे थर वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही आणि शेवटी कापडही उरले नाही.

या उतरंडीतून एक मोठे नाव बाहेर पडले. मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईच्या ग्रँट रोड परिसरात राहून, चौरस फुटाला काही आणे या दराने चित्रपटांचे फलक रंगवले. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले आणि पुढील इतिहास सर्वांस ज्ञात आहे. त्यांच्या चरित्रांत फलकांचा काळ हटकून येतो, परंतु तो हालअपेष्टांचा अध्याय म्हणून येतो, शिक्षणाचा म्हणून येत नाही. खरे तर मोठ्या पृष्ठभागावर न अडखळता ओढलेली हुसेन यांची रेषा परांचीवर उभे राहून रंगवण्याच्या सवयीपासून वेगळी करणे कठीण आहे. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासाने फलकाला एका थोर माणसाच्या आठवणीपुरती जागा दिली आणि त्याच परांचीवर आयुष्यभर उभ्या राहिलेल्यांना दिली नाही. मराठी दलित आत्मकथनांनी साहित्येतिहासाला विचारलेला प्रश्न येथे कलेतिहासाला विचारता येण्यासारखा आहे, मात्र तो विचारणारी आत्मकथने या चित्रकारांकडून फारशी लिहिली गेली नाहीत.

इतर भाषिक प्रदेशांशी तुलना केली असता दोन टोके दिसतात. बंगालमध्ये सत्यजित राय यांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रेखली. १९४३ पासून ते डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत होते. सिग्नेट प्रेससाठी त्यांनी मुखपृष्ठे केली. 'पथेर पांचाली'च्या बालआवृत्तीसाठी चित्रे काढताना त्या कादंबरीवर चित्रपट करण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. राय यांच्या भित्तिपत्रकांत बंगाली अक्षर हेच चित्र होते. ते ग्रंथसंस्कृतीतून आले होते आणि त्यांचे नाव सदैव ज्ञात राहिले. दिग्दर्शक आणि भित्तिपत्रककार एकच असणे हे राय आणि बाबूराव पेंटर यांच्यातील साम्य. पण एकाच्या मागे मुद्रित पुस्तक आहे आणि दुसऱ्याच्या मागे नाटकाचा पडदा, ही भिन्नता साम्याहून महत्त्वाची. दुसरे टोक मद्रासचे. तेथे फलकाने चौकटच टाकून दिली. मोहन आर्ट्स या संस्थेने 'वणंगामुडी' (१९५७) या चित्रपटासाठी शिवाजी गणेशन यांची सुमारे ८० फूट उंचीची आकृती उभारली, आणि कापून काढलेल्या अशा आकृत्या पुढे राजकीय नेत्यांच्याही उभ्या राहू लागल्या. चित्रपट, भाषिक अस्मिता आणि सत्ता यांचे जे अद्वैत तमिळ प्रदेशात झाले, त्याची दृश्यखूण म्हणजे ही आकृती होय. मुंबईच्या फलकाने नायकाला नायिका, खलनायक आणि जळती मोटार यांच्या गर्दीत ठेवले. मद्रासने त्याला एकटे, देवाच्या मापात उभे केले.

मुंबईच्या भित्तिपत्रकाचे खास वैशिष्ट्य लिपींचे होते. हिंदी चित्रपटाचे शीर्षक रोमन, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिपींत लिहिण्याची प्रथा दीर्घकाळ होती. ही अक्षरे तयार खिळ्यांची नव्हती, हाताने घडवलेली होती. भयपटाची अक्षरे ठिबकत, पौराणिक चित्रपटाची सोन्यात मढवली जात, देमारपटाची भेगाळत. तिन्ही लिपींना एकच भाव द्यावा लागे, आणि नस्तालिकच्या उतरत्या वळणाला जे सहज साधते ते देवनागरीच्या शिरोरेषेला साधत नाही. म्हणून अक्षरकाराला शिरोरेषा मोडावी, वाकवावी किंवा गाळावी लागे. हिंदी-उर्दू वादाच्या दस्तऐवजांत न सापडणारा एक दैनंदिन शेजार या कागदांवर होता. उर्दू अक्षर हळूहळू बारीक झाले, कोपऱ्यात गेले आणि बहुतेक भित्तिपत्रकांवरून नाहीसे झाले. त्याचा निर्णय कोण्या सभेत झाला नाही.

सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांच्या पिढीने रीत बदलली. मोठ्या केलेल्या छायाचित्रावर तैलरंगाचे जाड थर सुरीने चढवण्याची पद्धत तेव्हा रूढ झाली. 'दीवार' (१९७५) च्या प्रसिद्धिचित्रांतील रापलेला, ओरखडलेला चेहरा या पद्धतीतून आला. सलीम-जावेद यांच्या संवादांत जो संताप शब्दांनी उभा राहिला, तो करकरे यांनी पृष्ठभागाच्या खडबडीतपणातून उभा केला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पण याच पद्धतीत पुढील बदलाची चाहूलही होती. चेहरा रंगवण्याऐवजी तो छायाचित्रातून मिळू लागला की रंग केवळ संस्कार उरतो, आणि संस्कार यंत्रालाही करता येतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकीय मुद्रण आणि व्हिनाइलचे फ्लेक्स आले. दिल्लीत १९९७ मध्ये पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले, त्यानंतर एकपडदा चित्रपटगृहे ओस पडू लागली. एक चित्रपट अनेक आठवडे चालण्याची सवय मोडल्यावर आठवडाभर खपून रंगवलेल्या फलकाला आर्थिक आधार राहिला नाही. मुंबईच्या आल्फ्रेड टॉकीजसारख्या, जुने चित्रपट पुन्हा लावणाऱ्या चित्रपटगृहांत ही कला काही वर्षे टिकली. तेथील कामावर 'ओरिजिनल कॉपी' हा माहितीपटही निघाला. बाकीच्यांनी दुकानांच्या पाट्या, देवळांच्या भिंती आणि वाहनांचे क्रमांक रंगवले.

विशेष हे की कलेचा व्यवसाय संपत असतानाच तिची किंमत वाढली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये २००२ साली भारतीय चित्रपटांच्या दृश्यसंस्कृतीचे प्रदर्शन झाले. डिव्हिया पटेल आणि रेचेल ड्वायर यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. त्यानंतर जुनी भित्तिपत्रके लिलावांत आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर दिसू लागली. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पी. के. नायर यांच्या कारकिर्दीत फितींबरोबर भित्तिपत्रकेही जमवली होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि आरंभीच्या अनेक चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या. ज्यांच्या फिती गेल्या अशा चित्रपटांपैकी कित्येकांविषयी आता जे सांगता येईल ते प्रसिद्धिपुस्तिका, स्टिल्स आणि भित्तिपत्रके यांच्याच आधारे. 'कल्याण खजिना' हा अपवाद राहिलेला नाही. अशा प्रत्येक कागदाच्या तळाशी छापखान्याचे नाव आहे. कोल्हापूर, गिरगाव आणि दादर येथील त्या छापखान्यांच्या जमाखर्चाच्या वह्या कोठे शिल्लक असतील, तर कोणत्या चित्रासाठी कोणाला किती रुपये दिले याची नोंद तेथेच मिळण्याचा संभव आहे, आणि 'चित्रकार अज्ञात' ही सूचीतील ओळ दुरुस्त करण्याचे काम त्या वह्यांपासून सुरू करावे लागेल.